‘हे कवितेत कुठं आहे?’ : छोटी निसर्गकविता दुसऱ्यांना दाखवताना

प्रश्न असा आला आहे : “दारातल्या बहाव्यावर चार ओळी लिहिल्या. ऑफिसातल्या मैत्रिणींना आणि घरी दाखवल्या. बहुतेकींनी ‘मस्त’ म्हटलं. एकीनं सुचवलं, ‘सोनं’ काढून ‘हळद’ कर. काका म्हणाले, वृत्तात बसत नाही. मला स्वतःला काहीतरी कमी वाटतंय, पण काय ते कळत नाही. कविता कोणाला दाखवावी, कशी दाखवावी आणि कोणाचं ऐकावं?”

कविता ही :

दारातला बहावा फुलला
पिवळं सोनं उधळलं वाऱ्याने
उन्हाच्या झळा विसरल्या
माझ्या मनाने

उत्तर :

सुरुवात तुमच्या ‘काहीतरी कमी वाटतंय’पासूनच करते. ती रुखरुख जपून ठेवा. नुसतं कौतुक हवं असेल तर कविता कोणालाही ऐकवावी, कौतुक घ्यावं, त्यात गैर काही नाही. तुम्हाला मात्र ती कविता नीट व्हायला हवी आहे, आणि त्याची वाट वेगळी आहे.

मी 24 वर्षं शाळेत मराठी शिकवलं. गेली 19 वर्षं महिन्यातल्या एका रविवारी आमच्या ओसरीवर कवितेची बैठक भरते. आठ-दहा माणसं येतात. सरकारी दवाखान्यातली एक परिचारिका, एसटीतून निवृत्त झालेले वाहक, किराणा दुकान चालवणारे एक गृहस्थ, कृषी सहायक म्हणून नोकरी केलेले एक जण, कॉलेजची दोन-तीन मुलं. नामवंत कवी त्यात कोणी नाही. एवढ्या वर्षांत शेकडो कविता तिथं वाचल्या गेल्या आणि त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. ज्या अभिप्रायानं कवी उठून पुन्हा त्या झाडापाशी, त्या पाणवठ्यापाशी बघायला जातो, तो अभिप्राय कामाचा. ज्यानं तो नुसताच शब्दकोश उघडून बसतो, त्यातून फारसं काही निघत नाही.

याचं एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण नियम सांगून हे कळत नाही. आमच्या परिचारिकेनं एका जूनमध्ये ही कविता आणली होती. तिच्या परवानगीनं तिचे सगळे खर्डे इथं देते आहे.

पहिल्या सरीनं भिजली धरती
हिरवा शालू ल्याली अंगावरती
रात्री दिव्याशी पाखरं नाचती
सकाळी उंबऱ्यात पंखच उरती
क्षणभंगुर हे जीवन असते
निसर्गराणी आम्हां शिकविते

आमच्या बैठकीत कवी स्वतःची कविता स्वतः वाचत नाही. चिठ्ठ्या एका डब्यात टाकायच्या, दुसऱ्यानं त्या आपल्या अक्षरात उतरवायच्या, तिसऱ्यानं दोनदा मोठ्यानं वाचायच्या. नाव शेवटी सांगायचं. ही पद्धत आम्ही हायकू या छोट्या जपानी कवितेच्या बैठकीवरून घेतली. तिला तिकडे ‘कुकाई’ म्हणतात. तिथंही कविता निनावी येतात, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून दुसऱ्याच्या हातानं उतरवल्या जातात, प्रत्येक जण आपल्याला भावलेल्या निवडतो, त्या वाचल्या जातात आणि मग कवी आपलं नाव सांगतो. याचा फायदा पहिल्याच बैठकीत दिसला. मी बाई, मी शाळेत शिकवलेलं, म्हणून माझ्या कवितेला कोणी काही बोलत नसे. नाव झाकल्यावर माझ्याच एका कवितेला कॉलेजच्या मुलीनं ‘ही पाठ्यपुस्तकातली वाटते’ असं सांगितलं, आणि ते खरं होतं.

परिचारिकेची कविता वाचून झाली. दुकानदार म्हणाले, छान आहे. कॉलेजचा मुलगा म्हणाला, हिरवा शालू मी पहिलीपासून ऐकतोय. मग कृषी सहायक बोलले : “पहिल्या सरीला हिरवं कुठं असतं? माती काळपट होते, वास सुटतो, फुफाटा बसतो. हिरवं दिसायला आठ-दहा दिवस जातात.” हा अभिप्राय मला फार मोलाचा वाटतो. त्यांनी ‘ही प्रतिमा घासून गुळगुळीत झालेली आहे’ असं म्हटलं नाही. ती खोटी आहे, एवढंच दाखवलं. घासलेल्या प्रतिमा बहुतेक वेळा अशाच असतात. कवीनं त्या दिवशी ते पाहिलेलं नसतं, दुसऱ्या कोणाच्या कवितेतून ते हातात आलेलं असतं.

वाहक बराच वेळ गप्प होते. ते म्हणाले, “मी चौथ्या ओळीशी थांबलो. आमच्या जोत्यावर पण असंच असतं. पुढच्या दोन ओळी वाचल्या, पण मी मागंच होतो.”

एवढं झाल्यावर कवयित्रीला बोलायची मुभा मिळाली. मी विचारलं, “पंख किती होते गं?” ती म्हणाली, “किती म्हणजे? सगळा उंबरा भरला होता. रात्रपाळी करून घरी आले, म्हटलं झाडून घ्यावं, तर फरशी ओली, पंख चिकटून बसलेले. केरसुणी फिरवली तरी हलेनात. शेवटी ओल्या फडक्यानं पुसून काढले.”

मी म्हटलं, “हे कवितेत कुठं आहे?”

ती काही बोलली नाही. आमच्याकडे एक वही असते. चर्चेत कवी आपल्या तोंडानं जे सांगतो ते एकानं त्यात टिपून घ्यायचं, अगदी त्याच शब्दांत. कविता समजावून सांगताना माणूस कवितेपेक्षा चांगलं बोलतो, हे मी कितीदा पाहिलंय. लिहिताना तो ‘कविता’ लिहीत असतो, बोलताना त्याला फक्त झालेलं सांगायचं असतं. तिच्या हातात आम्ही वहीतलं ते पान दिलं. पुढच्या महिन्यात ती हे घेऊन आली :

पहिला पाऊस झाला.
रात्रभर दिव्याशी पाखरं.
सकाळी उंबऱ्यात
ओल्या फरशीला चिकटलेले पंख
केरसुणीला हलत नाहीत.
किती क्षणाचं आयुष्य!

शालू गेला, निसर्गराणी गेली, यमकं गेली. दुकानदारांना यमकं गेल्याचं वाईट वाटलं आणि त्यांनी तसं सांगितलंही. शेवटची ओळ मात्र राहिली होती. तिच्यावर दोन मतं पडली. मुलं म्हणाली, काढा, ती न सांगता कळतं. वाहक म्हणाले, राहू दे, माणसाच्या मनात ते येतंच.

तेव्हा कृषी सहायकांनी विचारलं, “मेली म्हणता, पण मेलेली पाखरं पाहिलीत का तुम्ही? की नुसते पंखच?”

नुसते पंखच होते.

मग त्यांनी सांगितलं. ही पाखरं म्हणजे वाळवीतले पंख फुटलेले नर आणि माद्या. पहिला पाऊस झाला, माती मऊ झाली, की वारुळातून त्यांचे थवे बाहेर पडतात. थोडा वेळ उडून जमिनीवर उतरतात आणि पंख स्वतःच टाकून देतात. पंखांच्या मुळाशी एक नाजूक रेघ असते, तिथून ते मोडतात. मग जोडी जमते, पुढं मादी, मागं नर, अशी दोघं मातीत शिरायला जागा शोधतात. पाली, बेडूक, पक्षी त्यातल्या बहुतेकांना खातात, हे खरं. पण उंबऱ्यातले पंख म्हणजे मेलेल्यांचे अवशेष असं समजायचं कारण नाही. वाचलेल्या जोडीतून नवं वारूळ सुरू होतं.

सगळ्या ओसरीवर शांतता पसरली. जिच्यावर अख्खी कविता उभी होती ती ‘क्षणभंगुरता’ मुळात तिथं नव्हतीच. पंख गळून पडले होते, कारण त्यांचं काम संपलं होतं.

परिचारिका म्हणाली, मी असं पाहिलेलं नाही, मी कसं लिहू? मी म्हटलं, मग थांब. तिनं खरोखरच कविता वर्षभर बाजूला ठेवली. पुढच्या जूनमध्ये पहिला पाऊस झाला त्या संध्याकाळी ती घरीच होती. ओसरीचा दिवा लावून ती बॅटरी घेऊन जमिनीशी बसली. त्यानंतरच्या रविवारी जे आलं ते हे :

पहिला पाऊस.
दिव्याशी पाखरंच पाखरं.

भिंतीच्या कडेनं
पंख टाकलेली दोघं,
एकामागे एक,
मातीकडे.

सकाळी ओल्या फरशीला
चिकटलेले पंख.
केरसुणीला हलत नाहीत.

या खर्ड्यावर सर्वांत जास्त चर्चा झाली, आणि इथं तिनं बहुतेक सूचना नाकारल्या. तेही सांगायला हवं, कारण कोणाचं ऐकावं या तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे.

एक सूचना आली, ‘पाखरं’च्या जागी सरळ ‘वाळवी’ म्हण. ‘पाखरं’ वाचून पक्षी डोळ्यांसमोर येतात. तिनं विचार केला आणि नाही म्हणाली. वाळवी म्हटलं की वाचकाला पोखरलेली चौकट आणि खाल्लेली पुस्तकं आठवतात. शिवाय तिच्या घरी त्यांना पाखरंच म्हणतात. ‘दिव्याशी’ हा शब्द आहे, तेवढ्यावर वाचक बरोबर जागी पोचतो.

दुसरी सूचना ‘दोघं’बद्दल होती. किड्यांना ‘दोघं’ कसं म्हणायचं? ‘दोन’ म्हणा. तिनं ते रात्री करून पाहिलं. ‘पंख टाकलेले दोन’ असं वाचलं की नाणी मोजल्यासारखं वाटतं. ‘दोघं’ राहिलं. आधी तिथं ‘बिनपंखी’ असा शब्द होता, तो मात्र कॉलेजच्या मुलीच्या सांगण्यावरून तिनं बदलला. बिनपंखी म्हणजे ज्यांना पंख नाहीत ते. ‘पंख टाकलेली’ म्हटलं की त्यांनी ते होऊन टाकले. कृषी सहायकांनी सांगितलेली सगळी माहिती त्या एका शब्दात आली. माहिती कवितेत यायची ती अशी, क्रियापदात मुरून.

तिसरी सूचना मीच केली होती. मी म्हटलं, शेवट ‘मातीकडे’वर कर. पंख आधी, जोडी नंतर. म्हणजे कविता पुढं जाते, आशेवर संपते. ती म्हणाली, “बाई, मी जोडी रात्री पाहिली आणि पंख सकाळी पुसले. उलटं कसं लिहू?” मी त्या वेळी थोडा आग्रहही केला. आज ती कविता वाचताना वाटतं, तिचं बरोबर होतं. जोडी मातीकडे गेल्याचं वाचकाला कळलेलं असतं. त्यानंतर सकाळी केरसुणी घेतलेल्या बाईसमोर ते पंख दिसतात, तेव्हा ते पहिल्या खर्ड्यातले पंख राहत नाहीत. मी सुचवलेला शेवट गोड झाला असता, पण ती बाई आणि तिची केरसुणी मध्येच कुठंतरी अडकून राहिली असती.

आता यातून तुमच्यासाठी काय, ते बोलू.

‘मस्त’ म्हणणाऱ्या मैत्रिणींवर रागावू नका. ‘कशी झाली?’ असं विचारलं की दुसरं उत्तर येणं अवघड असतं. आपल्या माणसाला कोण तोंडावर वाईट म्हणेल? प्रश्नच बदला. कविता हातात द्या, काहीही न सांगता. वाचून झाल्यावर कागद परत घ्या आणि विचारा, ‘तुला काय दिसलं?’ पाहून सांगायचं नाही, आठवून सांगायचं. ज्या ओळीतलं काहीच आठवत नाही, ती ओळ वाचकाच्या डोळ्यांखालून निसटून गेलेली असते. ‘कुठं थांबलीस?’ हाही चांगला प्रश्न. थांबणं दोन कारणांनी होतं, आवडल्यामुळं किंवा अडखळल्यामुळं. दोन्ही कळलेली बरी.

त्या वेळी आपण गप्प बसायचं. हे सर्वांत जड जातं. ‘अगं, मला तिथं असं म्हणायचं होतं’ हे ओठावर येतं. ते गिळायचं आणि घरी जाऊन वहीत लिहायचं, कारण जे म्हणायचं होतं आणि कवितेत आलं नाही, त्यातच पुढचा खर्डा असतो.

वाचक अडखळला ती जागा बहुतेक वेळा खरी असते. त्यानं सुचवलेला बदल मात्र त्याचा असतो, त्याच्या आठवणींतून आणि त्याच्या वाचनातून आलेला. ऐकायचं ते अडखळण्याचं. बदल आपला आपण शोधायचा. माझ्या तरुणपणी एका ज्येष्ठ कवींनी माझ्या आठ ओळींतल्या पाच ओळी बदलून दिल्या होत्या. हेतू चांगलाच होता. ती कविता एका दिवाळी अंकात छापूनही आली, घरच्यांनी कात्रण जपून ठेवलं. आज इतक्या वर्षांनी ते कात्रण काढलं तरी मला त्यात माझं काही सापडत नाही. नदीवरचं धुकं मी पाहिलं होतं, लिहिलं त्यांनी. म्हणून आमच्या ओसरीवर दुसऱ्याची ओळ लिहून द्यायला मनाई आहे. प्रश्न विचारायचा, ओळ द्यायची नाही. मीही ‘शेवट हा कर’ असं म्हटलं तेव्हा तो नियम मोडलाच होता.

‘सोनं’च्या जागी ‘हळद’ सुचवणाऱ्या तुमच्या मैत्रिणीवरून मला बाशो या जुन्या जपानी हायकूकाराच्या एका शिष्याची आठवण झाली. बाशोची बेडकाची ती प्रसिद्ध कविता तुम्ही ऐकली असेल : जुनं तळं, बेडूक उडी घेतो, पाण्याचा आवाज. 1686 सालची. शिको नावाच्या शिष्यानं लिहून ठेवलंय की बाशोला बेडकाचा आणि पाण्याचा भाग आधी सुचला, पहिली ओळ ठरेना. तिथं असलेल्या किकाकू या शिष्यानं ‘यामाबुकी’ सुचवलं. यामाबुकी म्हणजे पिवळ्याधमक फुलांचं झुडूप. जपानी जुन्या कवितेत बेडूक आणि यामाबुकी ही ठरलेली जोडी, आपल्याकडे चातक आणि मेघ असते तशी. सूचना देखणी होती. बाशोनं ती घेतली नाही आणि ‘जुनं तळं’ एवढंच ठेवलं. पिवळी फुलं आली असती तर डोळा तिकडे गेला असता. त्या कवितेत ऐकायचं असतं.

‘हळद’ हा ‘सोन्या’पेक्षा घरगुती आणि बरा शब्द आहे, हे मी मान्य करते. पण एका उपमेच्या जागी दुसरी उपमा आली तर बहावा जिथल्या तिथंच राहतो. तुमची मैत्रीण ‘सोनं’पाशी अडखळली, ही खूण खरी माना. तिथं काय हवं, ते मात्र हळदीच्या डब्यात सापडणार नाही.

बाशोच्याच मंडळीतली आणखी एक गोष्ट मला नेहमी उपयोगी पडते. क्योराई या शिष्यानं लिहिलं होतं : कड्याच्या टोकावर, इथंही एक, चंद्राचा पाहुणा. दुसरा शिष्य म्हणाला, ‘पाहुणा’ काढून ‘माकड’ कर. क्योराईला पाहुणाच बरा वाटत होता. त्यानं गुरूला विचारलं. बाशो म्हणाला, माकड कशाला? पण आधी सांग, ही ओळ करताना तुझ्या मनात काय होतं? क्योराई म्हणाला, चांदण्यात डोंगरावर फिरत होतो, कड्यावर आणखी एक कवी बसलेला दिसला. त्यावर बाशो म्हणाला, तो पाहुणा तूच आहेस असं कर. चंद्राला तूच सांगतोयस की इथंही एक जण आहे. एक अक्षर न बदलता कविता बदलली. क्योराईनं स्वतःच हे नोंदवून ठेवलं आणि तो मोकळेपणानं म्हणतो की गुरूचा अर्थ आपल्यापेक्षा सरस होता. मला यात दोन गोष्टी आवडतात. बाशोनं आधी विचारलं, मग मत दिलं. आणि वाचकाला कवीपेक्षा जास्त दिसू शकतं, हे कवीनं मानलं.

काकांचं वृत्ताचं म्हणणं थोडक्यात सांगते. तुमच्या ओळींची अक्षरं मोजली : 10, 12, 9 आणि 5. अष्टाक्षरी म्हणाल तर नाही, हायकू म्हणाल तर त्याच्या तीन ओळी. कवयित्री शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला तेव्हापासून आपल्याकडे तीन ओळींत दोन ओळींचं यमक जुळवायची चाल आहे, पण तुमची कविता तशीही नाही. काका बरोबर आहेत, फक्त कवितेनं वृत्ताचा शब्द दिलेलाच नव्हता. मग तो मोडला असं कसं म्हणायचं? त्यांना कविता मोठ्यानं वाचायला सांगा आणि कुठं जीभ अडते ते विचारा. वृत्त जाणणाऱ्या माणसाचा कान तयार असतो. त्यांचा खरा उपयोग तिथं आहे.

यमकाबद्दल मात्र मला बोलायचं आहे. ‘वाऱ्याने’ आलं म्हणून ‘मनाने’ आलं, असं झालं का? मला तशी शंका येते. ‘झळा विसरल्या माझ्या मनाने’ असं आपण कधी बोलत नाही. तुम्ही बहाव्याखाली उभ्या होता, तेव्हा ऊन विसरलं ते मनानं की पायांनी? की डोळ्यांनी? हा प्रश्न मी चेष्टेनं विचारत नाही. खरंच काय झालं ते मला जाणून घ्यायचं आहे.

तीन गोष्टी मला तुमच्या कवितेत दिसत नाहीत, आणि त्या तुमच्या दारात आहेत. बहाव्याचा घोस खाली लोंबतो आणि वरून खाली फुलत जातो. वर फुलं उमललेली असतात तेव्हा टोकाला अजून हिरवट, गोल, घट्ट कळ्या असतात. तुमच्या झाडाचे घोस कुठपर्यंत फुलले होते त्या दिवशी? दुसरं, फुलांच्याच बरोबर बहुतेक वेळा गेल्या वर्षीच्या काळ्या, लांब शेंगा झाडावर लटकत असतात. एवढ्या पिवळ्यात त्या तुम्हाला दिसल्या का? दिसल्या असतील तर कवितेतून का गेल्या? आणि तिसरं, वाऱ्यानं उधळलेल्या पाकळ्या कुठंतरी पडतात. तुमच्या दारात त्या कुठं पडल्या? पायरीवर, गाडीच्या सीटवर, गटाराच्या पाण्यात, वाळत घातलेल्या कपड्यांवर? ‘उधळलं’ म्हणून तुम्ही पाकळ्यांना हवेत सोडलंत आणि कविता लगेच मनाकडे वळली. त्या खाली पडेपर्यंत थांबला असता तर पुढची ओळ वेगळी आली असती, असं मला वाटतं.

एक ओळ मात्र आजच ठेवा असं सांगते. ‘दारातला बहावा फुलला.’ रानातला नाही, रस्त्यावरचा नाही, दारातला. रोज ज्याच्याखालून तुम्ही जाता तो. साधी, बोलण्यातली ओळ आहे आणि तिच्यात घर आलेलं आहे. पुढच्या तीन ओळी तिच्याइतक्या जवळच्या झाल्या की कविता झाली.

कोणाला दाखवावी, हे राहिलंच. सगळ्यांना एकदम दाखवू नका. दहा मतं एका दिवशी आली की माणूस गोंधळतो आणि सगळ्यांचं थोडं थोडं ऐकून कवितेची मोट बांधतो. दोन-तीन माणसं पुरतात. एक कविता वाचणारं, एक भाषेचा कान असलेलं. तिसरं माणूस असं हवं ज्याला ती वस्तू माहीत आहे, कविता माहीत असो वा नसो. पक्ष्यावर लिहिलं तर पक्षी बघणारा, भातावर लिहिलं तर लावणी केलेली बाई. आमच्या परिचारिकेची कविता सावरली ती कृषी सहायकांच्या एका प्रश्नानं, आणि त्यांनी आयुष्यात स्वतः एकच कविता लिहिली आहे. आपल्याकडे 1923 साली पुण्यात रविकिरण मंडळ जमलं. ते एकमेकांना कविता ऐकवणाऱ्या मित्रांचं मंडळ होतं. तशी जिवाभावाची मंडळी भेटली तर भाग्यच. नाही भेटली तरी गावात माहितगार माणसं असतातच, आपण त्यांना कविता दाखवायच्या फंदात पडत नाही एवढंच. ‘त्यांना काय कळणार’ असं मनात येतं. ते मनातून काढा.

खर्डे फाडू नका. प्रत्येकावर तारीख घाला. चौथा खर्डा बिघडला की दुसऱ्याकडे परत जाता येतं. आणि कोणी काही सांगितलं की लगेच त्या रात्री बदलू नका. दोन दिवस जाऊ द्या. दोन दिवसांनीही जी टीका टोचत असेल, तिच्यात बहुतेक काहीतरी असतं. थांबायचं कधी, तेही विचाराल. आमच्या बैठकीत एक खूण आहे : सगळ्यांना तेच दिसायला लागलं आणि भांडण फक्त आवडी-निवडीचं उरलं, की वही मिटायची. ‘दोन’ की ‘दोघं’ यावर कोणी शेवटपर्यंत सहमत झालं नाही, पण भिंतीच्या कडेनं चालणारी ती जोडी सगळ्यांना दिसत होती.

आता तुमच्यापुरतं एक काम सांगते. बहाव्याखालचं तुमचं अंगण रोज सकाळी कोणीतरी झाडत असेल. तुम्ही, सासूबाई, कामाला येणाऱ्या मावशी, कोणीही. तुम्ही स्वतः झाडत नसाल, तर जी व्यक्ती झाडते तिला उद्या या चार ओळी वाचून दाखवा. चहाच्या वेळी, घाई नसताना. ‘कशी वाटली?’ असं विचारू नका. ‘सकाळी तुम्हाला खाली काय काय सापडतं?’ असं विचारा. ओल्या पाकळ्या झाडूला चिकटतात का, किती टोपल्या होतात, वाळल्यावर त्यांचा रंग कसा होतो, त्या कुठं टाकतात, हे सगळं त्यांना ठाऊक असेल. त्या जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, आणि नवा खर्डा केलात तर त्या पानासकट मला पाठवा.